चिकाचे डाग

"हे हात कोणाचे?"

कोलते मॅडमनी व्हिडिओ थांबवला आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर नखानं टकटक केलं. स्क्रीनवर दोन अंगठे होते, स्लाइडवर टिपकागद ठेवून दाबणारे. पेरांवर काळपट तपकिरी चट्टे, नखांच्या कडा काळ्या.

"माझे," हसीना म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनं हात ओढणीखाली घेतले.

"मग धुवायचे ना गं! साबणाला काय झालं होतं?"

"धुतलेलेच आहेत मॅडम. केळीचा चीक आहे तो. निघत नाही."

"छे छे, कमिटीपुढे असले घाण हात? शोभतं का ते? आणि हा आवाज कोणाचा? तुझा का फिरके? 'टोक गमावलं त्यानं समदं गमावलं.' हे काय, सायन्स म्हणायचं की भारूड?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी स्वतः एका कॉलेजात प्रयोगशाळेत उभी राहते, तरी रबरी हातमोज्यांचं नवं खोकं उघडलं की माझं डोकं उठतं. विद्यार्थी म्हणतात, फिरके मॅडमला हातमोज्यांची अ‍ॅलर्जी आहे. म्हणोत बापडे.

आमचं कॉलेज सातपुड्याच्या पायथ्याचं, तालुक्याच्या गावचं. चहूकडे केळी. कुणाच्या घरची केळी आणि कुणी त्या केळीत मजुरीला, एवढाच काय तो फरक. माझ्या घरची होती. हसीना तडवी सुटीच्या दिवशी आईबरोबर घड कापायला जायची. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो. लागतो तेव्हा दिसतही नाही, वाळला की काळा पडतो, आणि मग घासा की धुवा, तो काही हलत नाही. चीक लागलेला कपडा आमच्याकडे केळीचाच कपडा म्हणून वेगळा ठेवतात. हात कुठं वेगळे ठेवणार?

तर व्हिडिओचं असं झालं. एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल असतं. मुळाच्या टोकाशी पेशी सारख्या विभागत असतात, एकीच्या दोन होतात, ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. आता वर्ग भरून पोरं आणि नीट चालणारा मायक्रोस्कोप एकच, तोही मॅडमच्या टेबलावर. आम्ही एफवायला होतो तेव्हा रांगेत उभं राहून प्रत्येकानं एकदा डोळा लावला होता. मला माझीच पापणी दिसली. मागून मॅडम म्हणत होत्या, "दिसलं ना? चला पुढे. आकृती पुस्तकातून काढा." सगळ्यांनी काढली आणि सगळ्यांना चांगले मार्क पडले. दिसलं कुणालाच नव्हतं.

हसीनानं मात्र ते मनाला लावून घेतलं. एसवायला गेल्यावर ती मोकळ्या तासाला प्रयोगशाळेत जाऊन बसायची. घरून कांदे आणायची, पाण्यावर ठेवून त्यांना मुळं फुटू द्यायची, स्लाइड करायची, बिघडवायची, पुन्हा करायची. मी तिला चिडवायची, "हसीना, एवढ्या कांद्यांत गावजेवणाची भजी झाली असती वं!" ती हसायची आणि पुन्हा डोळा लावायची. आणि एक दिवस ती मला वर्गाच्या दारातून ओढतच घेऊन गेली. "लीने, चल. बोलू नको. पाह्य फक्त."

मी पाहिलं. अगदी पुस्तकातल्यासारखं नव्हतं, त्याहून भारी होतं. लाल धाग्यांचे दोन झुबके एका पेशीत एकमेकांपासून दूर निघाले होते. माझ्या अंगावर काटा आला.

"हे आपल्याला का नाही दाखवलं?" मी म्हटलं.

"आपण दाखवू ना," ती म्हणाली. "एफवायच्या पोरींना."

मग आम्ही व्हिडिओ केला. हात तिचे, फोन माझा, बडबड माझी. फोनचा कॅमेरा मायक्रोस्कोपच्या भिंगाला टेकवून आतलं दृश्यही घेतलं. हसीनाचं म्हणणं, चुकाही दाखवायच्या. म्हणून तिनं मुद्दाम एक स्लाइड बुडबुडे ठेवून केली, एक जोरात दाबून फोडली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मुळाचं टोक. रंगवलेल्या मुळाचं पार टोकाचं, मोहरीएवढं, गडद लाल झालेलं तेवढंच ठेवायचं आणि बाकीचं लांबडं मूळ टाकून द्यायचं, कारण पेशी फक्त टोकाशीच विभागतात. पोरं नेमकं उलटं करतात, दिसायला मोठं ते ठेवतात. म्हणून मी त्यात तीनदा ओरडले होते, टोक गमावलं त्यानं समदं गमावलं.

एफवायच्या पोरींनी तो व्हिडिओ एकमेकींना पाठवला. खिडकीजवळचे जुने, आरशावर चालणारे मायक्रोस्कोप पुसून घेतले आणि त्यांच्यातल्या चौघीपाचजणींना खरोखर दिसलं. एक तर नाचलीच प्रयोगशाळेत. मॅडमना तेव्हा या कशाची गंधवार्ताही नव्हती.

पुढे कॉलेज तपासायला कमिटी येणार असं ठरलं आणि 'विद्यार्थ्यांनी तयार केलेले व्हिडिओ' हा उपक्रम एकदम मॅडमचा झाला. प्रिन्सिपॉलसरांना त्यांनी सांगितलंही, मी मुलांकडून करवून घेतले म्हणून. आम्ही तेही गिळलं. आणि आता हे.

"मॅडम, हात चिकाचे आहेत, पण स्लाइड बघा ना केवढी चांगली आहे," मी म्हटलं.

"फिरके, वाद नको. आपण पुन्हा शूट करू. मिताली करेल, हातमोजे घालून. कॉमेंट्रीही तीच करेल, इंग्लिशमध्ये."

मिताली म्हणजे संस्थेच्या सेक्रेटरींची भाची. पोरगी वाईट नव्हती, पण प्रयोगशाळेत ती नाकाला रुमाल लावून यायची.

"आणि हसीना?"

"तडवी मदत करेल ना. काचसामान धुवायला कुणीतरी लागेलच."

"धुवायला तिचे हात चालतात का मॅडम?"

मॅडमचा चेहरा लाल झाला.

"बाहेर हो! इंटर्नलचे मार्क कोण देतं, हे लक्षात ठेवून पुढे बोलत जा. दोघीही."

मी बाहेर झाले. दार आपटलंही. हसीना आतच राहिली. काचेतून पाहिलं तर ही बया खरंच ट्रे उचलून सिंककडे चालली होती.

तिची भीती मला माहीत होती. तिच्या घरात कॉलेजात गेलेली ती पहिलीच, आणि तिला पुढे एमएस्सी करायची होती. इंटर्नलला मॅडमनी हात आखडता घेतला असता तर तिचं सगळं तिथंच अडकलं असतं. हे सगळं कळत होतं, तरी बसस्टँडपर्यंत मी तिला सोलून काढली.

"तू माणूस आहेस का दगड? घाण हात म्हणाली ती तुला! तोंडावर! आणि तू तिच्या बश्या धुवत बसलीस?"

"परीक्षानळ्या."

"काय?"

"बश्या नाय. परीक्षानळ्या धुतल्या."

"हसीना, मी इथंच तुझा गळा दाबीन. तुला राग येतो का नाही?"

"येतो ना."

"मग कुठं जातो?"

तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तुझा राग रॉकेलसारखा आहे लीने. भपकन पेटतो अन् इझून जातो. माझा गवरीसारखा आहे. वरून दिसत नाय."

"बरोबर आहे. राखच दिसते," मी फणकाऱ्यानं म्हटलं, आणि तिच्याशी न बोलता बसमध्ये चढले.

घरी येऊन आईपुढे भडाभडा ओकले. आई भरताची वांगी भाजत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोलते म्हणजे ती नदीपलीकडच्या कोल्त्यांची पोरगी का वं? तिच्या बापाची बी केळीच होती की. लहानपणी घडावर बसून रडायची ती. तिचे फ्राक काय पांढरे होते काय?"

हे ऐकून तर मी आणखीच पेटले. ज्या चिकावर शिकली, त्याच चिकाची हिला किळस यावी!

नवा व्हिडिओ शूट झाला तेव्हा मला आत येऊ दिलं नाही. हसीना आत होती, सिंकपाशी. मी विचारलं तर म्हणाली, "झाला." त्याच्यापुढे एक शब्द नाही. मीही मग विचारलं नाही, कारण मी रुसले होते.

कमिटीच्या दिवशी प्रयोगशाळा ओळखू येत नव्हती. भिंतींना नवा रंग, खिडक्यांना पडदे, पाहुण्यांसाठी फुलं, आणि संस्थेनं रातोरात आणलेले नवे मायक्रोस्कोप ओळीनं मांडलेले. एफवायच्या एका बॅचला पांढरे कोट घालून उभं केलं होतं. मॅडमची कल्पना अशी की, आधी पडद्यावर व्हिडिओ दाखवायचा आणि मग ही पोरं तो बघून कमिटीसमोर स्लाइड करतील. मुद्दाम नवी बॅच निवडली होती, ज्यांनी आमचा व्हिडिओ पाहिलाच नव्हता. त्यांना सगळं 'मिताली मॅडम'च्या व्हिडिओतून शिकायचं होतं. मला लॅपटॉपवर बसवलं, कारण तो चालू-बंद करणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. हसीना मागं, सिंकच्या आडोशाला. तिला स्पष्ट सांगितलं होतं, पुढे यायचं नाही.

कमिटीत तिघं होते. त्यातल्या एक डॉ. शिरगावे म्हणून बाई होत्या, कोल्हापूरकडच्या, वनस्पतिशास्त्राच्या. पिकलेले केस, साधी सुती साडी, आणि चष्मा कपाळावर चढवून बघायची सवय.

मी व्हिडिओ लावला. आधी मंद संगीत. मग मॅडमचं नाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली 'मार्गदर्शन'. मग पांढरेशुभ्र हातमोजे, मितालीचा मंजुळ इंग्लिश आवाज, चकचकीत ट्रे. मी दात ओठ खाऊन बघत होते. मितालीनं चिमट्यानं लाल मूळ उचललं, ब्लेडनं टोक कापलं, ते टोक बाजूला ढकललं, आणि उरलेलं लांबडं मूळ स्लाइडवर ठेवलं.

मी खुर्चीतून उठायचीच बाकी होते. टोक टाकलं! अहो, टोकच टाकलं!

आणि लगेच पुढच्या क्षणी स्क्रीनवर पेशींचं देखणं चित्र. लाल धागे, दोन झुबके, सगळं जिथल्या तिथं. ते चित्र इंटरनेटवरून उचललेलं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी वळून सिंककडे पाहिलं. हसीना शांतपणे काचेचा ग्लास पुसत होती.

टाळ्या पडल्या. प्रिन्सिपॉलसर हसले. मग पोरं कामाला लागली. बिचारी इमानदार पोरं. व्हिडिओत दाखवलं तस्सं केलं सगळ्यांनी. टोक कापलं, टोक टाकलं, लांबडं मूळ ठेवलं, दाबलं, मायक्रोस्कोपखाली लावलं.

शिरगावेबाई पहिल्या मायक्रोस्कोपपाशी गेल्या. पाहिलं. दुसऱ्यापाशी गेल्या. पाहिलं. तिसरा, चौथा. चष्मा कपाळावर तसाच.

"इथं तर नुसत्या विटा दिसताहेत," त्या म्हणाल्या. "एकही पेशी विभागत नाही. बाळ, टोक कुठाय याचं?"

तो पोरगा गोंधळला. "टाकून दिलं मॅडम."

"टाकून दिलं? का?"

"व्हिडिओत टाकलंय."

बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग कोलते मॅडमकडे. मॅडम पुढे झाल्या आणि काय बोलल्या माहितीये? चोराच्या उलट्या बोंबा!

"मुलं खेड्यातली आहेत ना मॅडम, लक्षच देत नाहीत. कितीही शिकवा. व्हिडिओ दहादा दाखवलाय यांना."

नाचता येईना अंगण वाकडं! त्या पोराचे डोळे भरून आले. मला राहवलं नाही. "लक्ष दिलं म्हणूनच तर..." मी तोंड उघडलं, तोच मॅडम वळून म्हणाल्या, "फिरके, लॅपटॉपकडे बघा." आणि प्रिन्सिपॉलसरांनी असे डोळे वटारले की मी पुन्हा लॅपटॉपकडे तोंड फिरवलं.

मग मॅडम लगबगीनं मागं गेल्या, सिंककडे. माझी खुर्ची सिंकजवळच होती, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"हसीना बेटा," दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला नावानं हाक मारली. "पटकन एक स्लाइड करून दे गं. तुझी येते. मी पुढे नेऊन ठेवते."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय! मी मनात म्हटलं, करील आता ही. धुणार, पुसणार, करणार, आणि स्लाइड मॅडमच्या नावानं पुढे जाणार. मला इतका संताप आला की रडू फुटायची वेळ आली.

हसीनानं नळ बंद केला. ओढणीला हात पुसले. आणि मॅडमच्या बाजूनं निघून ती सरळ पुढे आली, कमिटीसमोर, सगळ्या पांढऱ्या कोटांच्या मधोमध. तिच्या अंगात कोट नव्हता. मॅडम मागून धावल्यासारख्या आल्या आणि हसल्या. "ही आमची एसवायची विद्यार्थिनी. आदिवासी आहे, तडवी समाजातली. आम्ही अशा मुलींना खास प्रोत्साहन देतो. ही करून दाखवेल."

"नाही मॅडम," हसीना म्हणाली.

"अगं, कर ना. घाबरू नकोस."

"माझे हात घाण आहेत."

तिचा आवाज चढला नाही, कापलाही नाही.

"काय म्हणालीस बाळ?" शिरगावेबाईंनी विचारलं.

हसीनानं दोन्ही हात पुढे केले, पालथे. "केळीचा चीक आहे. निघत नाही. मॅडम म्हणाल्या, असले घाण हात कमिटीला दाखवायचे नाहीत. म्हणून आमचा व्हिडिओ काढून हा हातमोज्यांचा केला. हा होत होता तेव्हा मी तिथंच धुवत होते. मी सांगितलं, मॅडम, टोक फेकलं जातंय. मॅडम मितालीला म्हणाल्या, टोक कॅमेऱ्यात दिसत नाही, मोठं ठेव, दाखवायचंच तर आहे. अन् मला म्हणाल्या, तू धुवायचं बघ." ती थांबली. मग त्या रडवेल्या पोराकडे वळून म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही रे. तू दाखवलं तसंच केलंस."

शिरगावेबाईंनी हसीनाचे हात बघितले, बराच वेळ. वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलल्याही असत्या कदाचित. पण कमिटीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, प्रिन्सिपॉलसर म्हणाले, "चला, चहा घेऊ या," आणि सगळी वरात चहाकडे चालू लागली. जाता जाता बाईंनी हसीनाच्या खांद्यावर हात ठेवला, बस, तेवढंच. पुढे कमिटीच्या अहवालात आमच्या कॉलेजचं कौतुक छापून आलं. विद्यार्थीनिर्मित व्हिडिओ, एक नावीन्यपूर्ण उपक्रम! कुणाचे विद्यार्थी, कुठला व्हिडिओ, कुणी विचारलं? मी तो कागद टराटरा फाडला होता.

त्या दिवशी सगळे गेल्यावर प्रयोगशाळेत आम्ही दोघीच उरलो. ट्रेमध्ये पोरांनी टाकून दिलेली टोकं पडली होती, लाल, मोहरीएवढी. हसीनानं चिमट्यानं त्यातलं एक उचललं.

"आता कोणाला दाखवायचंय?" मी विचारलं.

"कोणाले बी नाय."

तिनं स्लाइड केली. हलक्या हातानं ठोकली, टिपकागद ठेवला, त्या काळ्या अंगठ्यांनी दाबली. नव्या मायक्रोस्कोपचा दिवा लावला, डोळा लावला आणि भिंग फिरवत फिरवत थांबली. मग सरकून मला जागा दिली. मी पाहिलं. एका रांगेत तीन पेशी, तिघी तीन अवस्थांत. असं मी आजतागायत पुन्हा पाहिलेलं नाही.

"हसीना, तू राख नाहीस वं," मी म्हटलं. मला आणखी खूप बोलायचं होतं, तेवढ्यात दार उघडलं.

कोलते मॅडम होत्या. डोळे लाल, केस विसकटलेले. "तडवी, तू आज माझं नाक कापलंस. एवढी वर्षं नोकरी केली मी या कॉलेजात. इंटर्नलचं काय करते बघच आता तुझं."

तेवढ्यात त्यांची नजर मायक्रोस्कोपच्या उजेडावर गेली. तिथं स्लाइड लावलेली होती. त्या एक पाऊल पुढे आल्या.

"आलंय का?" त्यांनी विचारलं. अगदी वेगळ्याच आवाजात. जसं एफवायची एखादी पोरगी विचारते तसं.

"आलंय," हसीना म्हणाली. "तीन अवस्था आहेत."

मॅडमनी चष्मा काढला, पदर सावरला आणि मायक्रोस्कोपवर वाकल्या. त्यांचा डोळा भिंगाला टेकला आणि हसीनानं दिवा बंद केला.

मॅडम तशाच वाकून राहिल्या. "अगं, दिवा का घालवलास? काहीच दिसत नाहीये."

हसीनानं स्लाइड काढून रुमालात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि पिशवी खांद्याला लावली.

"तुमच्या व्हिडिओत बघा मॅडम," ती म्हणाली. "त्यात छान दिसतं."